जनाकाकीच्या हातातली फळी

हे मी बायकोलाही सांगितलं नाही, आणि ती तर माझ्या पोटातलं ओठावर यायच्या आधी ओळखणारी. आज तुम्हाला सांगतो आहे — का, ते मला विचारू नका.

तेव्हा आमच्या बंदरात मुंबईची बोट यायची. उतारू होडीतून धक्क्यावर उतरायचे, पुढे कुडाळ-कणकवलीची गाडी गाठायची घाई, आणि पोटात कावळे. धक्क्यामागच्या झोपडीत जनाकाकी भात आणि बांगड्याचं सार रांधायची. विधवा बाई. उभं आयुष्य डोक्यावर माशांची पाटी घेऊन गावोगाव फिरली. गुडघे गेले तेव्हा चूल मांडली. पण ओरडून गिऱ्हाईक बोलवायचं म्हटलं की लाजायची. म्हणून मीच — हो, मीच — आंब्याच्या पेटीच्या फळीवर चुन्याने लिहून दिलं : 'गरम जेवण, मागच्या झोपडीत.' ती फळी छातीशी धरून काकी धक्क्यावर उभी राहायची. लोक हसायचे, पण जेवायला तिच्याकडेच जायचे.

मी नगरपालिकेत कारकून होतो, अजून कायम न झालेला. धक्क्याजवळच्या मोठ्या खानावळीचा मालक अध्यक्षांचा साडू. तिथली गर्दी ओसरली, तसं हेडक्लार्कने मला बोलावून विचारलं — त्या बाईला काही नियम लागतो का?

नियम मला पाठ होता. सार्वजनिक जागेत फलक रोवला, टांगला, ठोकला तर परवानगी हवी. हातात धरून उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. मी तसं म्हणालोही. पण कसं? तोंडातल्या तोंडात. हेडक्लार्क शांतपणे म्हणाला, "तुमचं कायम व्हायचंय ना अजून?"

एवढंच. याला धमकी तरी म्हणायची का?

मी काकीला खरं सांगू शकलो असतो — मोठ्या लोकांना तुझी अडचण होते आहे. मग ती पदर खोचून भांडली असती, आणि तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती होती? हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मी कायद्याचं नाव घेतलं. एरवी तिच्याशी मालवणीत बोलणारा मी, त्या दिवशी धक्क्यावर चारचौघांत कचेरीच्या भाषेत म्हणालो, "सार्वजनिक जागेत असा फलक धरणं गुन्हा आहे. तुरुंगात जावं लागेल."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग जवळ येऊन, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "झिला, अक्षरां तुझी, ता मी कोणाक सांगूचंय नाय हां. तू भिया नको."

कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि ती मला सांभाळत होती.

चूल बंद झाली. काकीने पुन्हा पाटी उचलली — त्याच गुडघ्यांनी. मी कायम झालो. घरी पेढे वाटले. मी ते खाल्ले, आणि गोडही लागले. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत तिला वाटत होतं, चूक आपलीच.

चूल बंद झाली त्याच वर्षी जत्रेला ती नारळ घेऊन देवळात आली. आमच्याकडे मानकरी भक्ताचं गाऱ्हाणं देवापुढे मांडतो आणि जमलेले सगळे एका आवाजात होकार देतात. मी नेमका तिच्या शेजारी उभा होतो. मानकऱ्याने नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान जाणता-नेणता सरकाराचो कायदो मोडल्यान आसात, तर ती चूक पोटात घाल रे म्हाराजा!"

काकी डोळे मिटून, हात जोडून उभी होती. गालांवरून पाणी वाहत होतं.

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ म्हणालं.

मीही म्हणालो. सगळ्यांबरोबर, मोठ्याने.