कुंदाबाईच्या नंबरवरून आलेली पत्रिका

"पत्रिका ऊनी आन् उघाडी नई, तं त्या घरना अपमान व्हस," असं कुंदाबाई एकदा म्हणाली होती. म्हणताना हसत होती, कारण लग्नाची प्रत्येक पत्रिका तिच्यासाठी कामाचं बोलावणं असायची.

कुंदाबाई खापरावरचे मांडे करते. माहेर दोंडाईच्याचं, दिलेली जळगावात, पिंप्राळ्यात. नवरा गेल्यावर हीच कला पोटाला लागली. पुरण भरलेली कणीक दोन्ही हातांवर खेळवत परातीएवढी करायची आणि तापलेल्या उलट्या खापरावर अलगद सोडायची. तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत चटक्यांचे काळे डाग आहेत. सोबत गल्लीतल्या बायका असतात. लग्नघरवाले सगळ्यांची मजुरी कुंदाबाईच्या फोनवर टाकतात आणि ती तिच्याच खात्यात राहते. बायकांनाच ते हवं होतं. घरी नेलेला पैसा नवऱ्याच्या बाटलीत जातो, नाहीतर दिराच्या मोटारसायकलीत. "अक्का, तुझ्याकडे राहू दे, गरज पडेल तेव्हा मागू."

बँकेतल्या दिपमाला मॅडमनी तिला सांगून पाहिलं होतं. बायकांच्या नावानं वेगळं खातं काढा, दोघींच्या सहीशिवाय पैसा निघू नये, आणि ते खातं या फोनला जोडू नका. कुंदाबाईला ते लागलं होतं. दुसरीची सही म्हणजे आपल्यावर पहारा. "सीझन संपू द्या," ती म्हणाली. तो संपला, पुढचाही आला, आणि खातं काढायचं राहिलं ते राहिलंच.

त्या शनिवारी त्या सगळ्या दोंडाईच्याला एका लग्नात होत्या. सकाळी फोनवर रतिलालभाऊंची पत्रिका आली. रतिलाल धुळ्याचा आचारी, तिला निम्मी कामं त्याच्यामुळे मिळतात. पत्रिका सरळ उघडेना. फोन काहीबाही विचारत राहिला, परवानगी मागत राहिला. पाहुण्यानं दारात उभं राहून पुन्हापुन्हा 'येऊ का' विचारावं तसं. कुंदाबाईनं दर वेळी 'हो' दाबलं. तरी पत्रिका दिसली नाहीच. तिनं फोन पिशवीत टाकला आणि खापराशी बसली.

दुपारी पिशवीत फोन वाजायला लागला. एकामागून एक मेसेज. हात पुसून तिनं पाहिलं. खात्यातून पैसे गेले होते, पुन्हा गेले होते, आणि शेवटच्या मेसेजात शिल्लक म्हणून जे उरलं होतं त्यात रिक्षासुद्धा झाली नसती. तिनं मांडवामागं जाऊन रतिलालला फोन लावला.

"अहो ताई, ती मी पाठवलेलीच नाही!" तो ओरडला. "माझा फोन चोरांनी धरलाय. तुम्ही आत्ताच्या आत्ता सायबर पोलिसांच्या एकोणीसशे तीसला फोन करा. आणि तुमच्या बायकांना सांगा, आता तुमच्या नंबरवरून पत्रिका जाईल, कोणी उघडू नका."

कुंदाबाई परत आली. खापरासमोर हेमलता पुरण भरत होती. तिची मुलगी बारावी झालेली, नर्सिंगला प्रवेश मिळालेला, फी भरायला आठवडा उरलेला. फीचे बरेचसे पैसे अक्काकडे होते, थोडे हेमलताच्या स्वतःच्या खात्यात. एवढं सांगायचं होतं, की पत्रिका उघडू नकोस. पण ते सांगायचं तर पैसे गेल्याचंही सांगावं लागणार. कुंदाबाईनं कणीक उचलली. उद्या बँकेत जाऊ, साहेबांचे पाय धरू, कुणाला न कळता पैसे परत येतील, असं ती स्वतःला समजावत राहिली. तोंडात शब्द येऊन बसला होता आणि ती मांड्यामागून मांडा टाकत होती. परतताना एसटीत हेमलता तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. तेव्हाही ती गप्प राहिली.

उद्या रविवार होता. बँक बंद.

सोमवारी सकाळी हेमलताच रडत आली. अक्काच्या नंबरवरून आलेली पत्रिका तिनं उघडली होती. तिचंही खातं धुऊन निघालं होतं. तेव्हा कुंदाबाईनं आपलंही खातं रिकामं झाल्याचं सांगितलं, कधी ते सोडून.

दोघी पोलिसांकडे गेल्या. हेमलताला तिथं दुसऱ्या टेबलाशी बसवलं. कुंदाबाईसमोरचा हवालदार भला होता, आवाज चढवला नाही त्यानं. "कधी कळलं तुम्हाला?"

"आज सकाळी."

त्यानं तिच्या फोनवरचे मेसेज वर-खाली सरकवले. "मावशी, मेसेज शनिवारचे आहेत. वाचलेले आहेत." त्यानं फोन टेबलावर ठेवला. "लगेच कळवलं असतं तर काही तरी अडवता आलं असतं. आता पैसा कुठल्या कुठे गेला. बघू, पण आशा धरू नका."

संध्याकाळी मांड्यांच्या सगळ्या बायका हेमलताच्या घरी जमल्या. हेमलता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, बसली नाही. तिची मुलगी आत भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"चोरस्नं वाटोयं होवो!" नानीबाई म्हणाली. ती सगळ्यांत म्हातारी, तिचेही पैसे गेलेले. "कुंदा, तुना काय दोष शे? नशीब, दुसरं काय!"

"अक्का, त्या पत्रिकेत जेवणाचा बेत काय होता, तेवढं तरी वाचलंस का?" त्यांच्यातलीच सुनिता म्हणाली. एक जण फसकन हसली आणि तोंडावर पदर धरून रडायलाच लागली.

"नशीब नाही, नानी," कुंदाबाई म्हणाली. "फोन विचारत होता, मी हो म्हणत होते. बँकवालीनं सांगितलं होतं, वेगळं खातं काढा. तेही मीच टाळलं."

"ते जाऊ दे," हेमलता दारातून म्हणाली. "तुला कळलं कधी?"

"आज सकायले, आखो कव्हय!" नानीबाईनंच उत्तर दिलं.

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मग ती त्यांच्यातलीच एक लुटलेली बाई उरली असती. त्यांच्यासोबत बसून तिला रडता आलं असतं. कुंदाबाईनं आत पडलेल्या पोरीच्या पाठीकडे पाहिलं.

"शनिवारी दुपारी कळलं," ती म्हणाली. "दोंडाईच्याला. पत्रिका पुढं जाईल हेही कळलं होतं. तू समोर बसली होतीस, पुरण भरत. मला लाज वाटली."

नानीबाईनं आपला हात कुंदाबाईच्या गुडघ्यावरून काढून घेतला.

"मी अनोळखी नंबरचं काही उघडत नाही," हेमलता हळू म्हणाली. "तुझं नाव होतं म्हणून उघडलं."

बाहेर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली.

"परवाच्या लग्नाचं काय?" कुणीतरी विचारलं.

"जायचं. पोट आहे," हेमलता म्हणाली. "पण मजुरी लग्नघरच्यांनी जिची तिच्या हातात द्यायची. अक्काच्या फोनवर नाही. मी बोलेन त्यांच्याशी." मग तिनं पहिल्यांदाच कुंदाबाईकडे नीट पाहिलं. "चालेल ना अक्का?"

सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. कुंदाबाईनं जमिनीवर हात टेकला आणि उठली. सुनितानं पाय आखडून वाट दिली. उंबऱ्याशी तिला आपली चप्पल ढिगात सापडेना, एक सापडली, दुसरी शोधावी लागली. चपला पायात सरकवून ती गल्लीत उतरली.