डावा गाल

उरवड्याच्या कारखान्यात मी नवीन लागले, तेव्हा रोज सकाळी बसमध्ये एक बाई माझ्या शेजारी बसायची. तिचा डावा गाल भाजून आकसलेला होता. नजर तिकडे जाऊ नये म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहायचे.

पिरंगुट मागे पडलं, की ती पिशवीतून गुलाबपाण्याची छोटी स्प्रेची बाटली काढायची. डोळे मिटून आधी डाव्या गालावर दोनदा फवारायची, मग बाकीच्या चेहऱ्यावर. पुसायची मात्र नाही. बोटांनी हलकेच थापटत बसायची.

एकदा माझ्या हातावर तुषार उडाले. मी दचकून वळले आणि लगेच नजर खाली घेतली.

“बघा की,” ती म्हणाली. “वाफेनं भाजलाय. लई वरसं झाली. आधी मी बी आरशात ही बाजू सोडूनच बघायची. मग वाटलं, गाल माझाच हाय. मीच तोंड फिरवलं तर त्याच्याकडं बघायचं कुणी?”

मी नजर वर केली. तिने बाटली पुढे केली. “घ्या, गार वाटतं.”

मी चष्मा काढून चेहऱ्यावर फवारा घेतला. मग ती उतरेपर्यंत आम्ही एकमेकींकडे बघत बोललो. तिचे डोळे घारे आहेत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.