घरात दोन पेन्शनर

सकाळी देवदत्तच्या खोलीचं दार उघडं दिसलं की सुहासिनीबाई आत डोकावायच्या. चादरीची घडी नीट घातलेली, दाढी झालेली, बूट चकचकीत आणि हा गडी खुर्चीत ताठ बसलेला. जायचं मात्र कुठेच नाही. त्या स्वतः पोस्टातून निवृत्त झाल्या तेव्हा थकल्या तरी होत्या. त्यांचा मुलगा नौदलाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवून अडतिसाव्या वर्षी घरी परतला होता आणि थकवा म्हणाल तर नावाला नव्हता. लग्न नाही, इथे कुणी मित्र नाहीत. उरलेला जन्म हा असा खुर्चीत काढणार की काय, या काळजीने त्यांना घास गोड लागत नव्हता.

"घरात दोन पेन्शनर," तो हसून म्हणायचा. "त्यात तू सीनियर."

शेवटी त्यांनी अंधेरीच्या थोरल्या भावाला गाठलं. भाऊरावांनी एका कंपनीत सुरक्षा अधिकाऱ्याची जागा बघून ठेवली. "सुहास, त्याला म्हणावं, पिपाणी पुरे झाली आता." देवदत्त यावर नाही म्हणाला नाही, हो पण म्हणाला नाही.

त्यांच्या दहिसरच्या सोसायटीसमोर एक जुनी चाळ आहे. गणपती जवळ आले तशी तिथे प्रीतमच्या बेंजो पार्टीची तालीम सुरू झाली. प्रीतम दिवसभर रिक्षा चालवतो आणि संध्याकाळी बेंजो छेडतो. एके दिवशी देवदत्तने पलंगाखालून ट्रम्पेटची पेटी ओढली.

"बेंजोत वाजवणार? देवा, अरे, केवढ्या मोठ्या लोकांसमोर वाजवलंयस तू!" सुहासिनीबाई म्हणाल्या.

"हो ना. टाळ्या वाजवायचे ते. नाचलं कधीच कोणी नाही."

पण सवय थोडीच सुटते? आठवडाभर त्याने त्या पार्टीला रांगेत उभं केलं, पावलं जुळवून घेतली, ताशाला शिस्त लावली. विसर्जनाची मिरवणूक निघाली ती अगदी सुरात आणि ठेक्यात, आणि लोक दोन्ही बाजूंना हात बांधून गप्प उभे! शेजारच्या वनमालाकाकू तर जिन्यातच हसत सुटल्या. "गो सुहास, आमका वाटला जन गण मन सुरू झाला! हातपाय हलवूचे की नाय, ताच कळना!"

प्रीतमने तोंडावर सांगितलं, "दादा, सूर एक नंबर. पण परेड आहे का ही? पब्लिकची वाट लावलीत यार."

सुहासिनीबाईंना वाईट वाटलं आणि मनातल्या मनात जरा हायसंही वाटलं. आता तरी भाऊरावांकडे जाईल. दुसऱ्या संध्याकाळी देवदत्त खाली उतरला तो ट्रम्पेट न घेता. ताशावाल्यांशेजारी फतकल मारून बसला आणि उपड्या डब्यावर काड्या आपटत शिकू लागला. "दादा, मोजू नका. कमरेत येऊ दे, कमरेत!" ते ओरडायचे आणि हा म्हणायचा, "परत दाखव." थंडीभर हेच चाललं. घरी यायचा तो बोटं लाल करून, आणि भाकरी मागून घ्यायचा.

माघी गणपतीत भाऊरावांचा फोन आला. सोमवारी हो की नाही ते कळवा, जागा आता आणखी थांबणार नाही. विसर्जन रविवारी होतं. या वेळी सुहासिनीबाई खिडकीत थांबल्या नाहीत, चप्पल घालून खाली गेल्या.

ट्रम्पेट सुरू झाला. सूर तोच होता, पण आता तो ताशाच्या मागे रेंगाळायचा, मध्येच पुढे पळायचा, लोकांना चिडवायचा. रस्ताभर माणसं नाचत होती. मग कोपऱ्यावरचा दवाखाना आला. दवाखान्यासमोर वाजवायचं नाही हा रिवाज सगळेच पाळतात, पण एरवी शांत होता होता दवाखाना मागे पडतो. देवदत्तने नुसता हात वर केला. ढोल, ताशा, बेंजो, नाचणारे, सगळे एका क्षणात गप्प. फक्त चपलांचा आवाज. वर खिडकीच्या गजांशी एक पेशंट उठून उभा राहिला होता. त्याने गणपतीला निवांत हात जोडले.

वळण आलं, हात खाली आला आणि रस्ता पुन्हा उसळला.

"तुझो झील गो!" म्हणत, मुलाकडे बोट दाखवत वनमालाकाकूंनी त्यांना आत ओढलं. काउंटरमागे जन्म काढलेल्या सुहासिनीबाई चक्क नाचल्या. देवदत्तने आईला पाहिलं, हसू फुटलं आणि ट्रम्पेट भसकन बेसूर झाला. कुणाला काही फरक पडला नाही. शेजारच्या अनोळखी बाईंनी विचारलं, "कोण हो ते?"

"माझा मुलगा," त्या ओरडून म्हणाल्या. "निवृत्त आहे!"

घरी आल्यावर तो म्हणाला, "मामाला उद्या उत्तर द्यायचंय ना? तुझ्या जिवाला घोर नको आई. तू म्हणशील तर जाईन मी." त्याने ते मनापासून म्हटलं होतं. "उद्याचं उद्या," म्हणत त्यांनी त्याचं ताट वाढलं.

सोमवारी सकाळी खोलीचं दार उघडं होतं. चादरीचा बोळा पायथ्याशी पडलेला, खुर्ची रिकामी. चाळीतून शिकायला बसलेल्या तीन-चार जणांची ट्रम्पेटवरची पहिलीवहिली केविलवाणी फुंकर ऐकू येत होती आणि त्यावर देवदत्तचा आवाज, "परत! पोटातून!"

त्यांनी चादरीला हात लावला नाही. फोन घेतला आणि भाऊरावांचा नंबर काढला. आधी सांगायचं, दादा, पिपाणी नव्हे, ट्रम्पेट म्हणतात त्याला. आणि मग सांगायचं, आमच्या देवाला वेळ नाही.