बाटलीवरची खाचांची पट्टी

आई दही काढायला फ्रिजपाशी गेली आणि दह्याऐवजी बाटली घेऊन बाहेर आली. पदराचं टोक मध्ये धरून, गरम पातेलं उचलावं तशी. "ही कुणाची गं?"

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. चेन्नईत, पेरुंगुडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत अकरा माणसं माझ्या हाताखाली होती आणि परदेशातल्या क्लायंटला फोनवर ठणकावून नाही म्हणायचा मला पगार मिळत होता. पण आईसमोर माझ्या तोंडून निघालं, "बाबांची."

आणि एकदा निघाल्यावर पुढचं आपोआप आलं. बाबांसाठीच आणलीय, रेड वाइन हृदयाला चांगली असते, परदेशात डॉक्टरसुद्धा घ्यायला सांगतात. अगदीच थाप नव्हती ती. दोन हजार पाच-सहाच्या त्या काळात रविवारच्या पुरवणीत असलं काहीबाही सारखं छापून यायचं. पण बाटली माझी होती.

कामासाठी सहा महिने मेलबर्नला होते, तिथे मला शिराझ नावाच्या रेड वाइनची गोडी लागली. आधी बिअरचे दोन घोट घेऊन तोंड वाकडं करणारी मी. ही मात्र पहिल्या घोटातच पटली. दाट, काळसर लाल, तोंड भरून टाकणारी. लाडीगोडी न करता सरळ समोर येऊन बसणाऱ्या माणसासारखी. परतताना विमानतळावरून दोन बाटल्या आणल्या, कारण चेन्नईत दारू मिळायची ती सरकारी दुकानात, आणि त्या जाळीपुढच्या पुरुषांच्या झुंबडीत शिरायची माझी छाती नव्हती. त्यातली एक संपली होती. दुसरी दर शनिवारी संध्याकाळी एक पेला, गॅलरीच्या कठड्यावर पाय टाकून, पुरवून पुरवून चालली होती. तो माझा एकटीचा सण होता. लग्न कधी, हा प्रश्न त्या तासात कुणी विचारत नसे.

आईबाबा साताऱ्याहून आले होते ते बाबांच्या छातीसाठी. चढावर चालताना त्यांना छातीत भरून यायचं. तिकडच्या डॉक्टरांनी अँजिओग्राफी करून घ्या म्हणून सांगितलं होतं, आणि मुलगी चेन्नईत, तिथली हॉस्पिटलं नावाजलेली, तेव्हा इथेच करायचं ठरलं. बारा दिवसांनंतरची तारीख मिळाली होती. बाबांनी जन्म मोजणी खात्यात काढला. बांधावरून कुऱ्हाडी उपसलेल्या भावाभावांच्या मध्ये उभं राहून त्यांनी साखळ्या टाकल्या होत्या. पण मांडीतून हृदयापर्यंत तार सरकवतात हे कळल्यापासून ते मुके झाले होते. काही विचारलं की म्हणायचे, "बघू."

त्या दिवशी मात्र ते खुर्चीतून उठले. आईच्या हातातून बाटली घेतली, भिंग लावून लेबल शेवटपर्यंत वाचलं, मग उजेडासमोर धरून बराच वेळ बघत राहिले. "किती घ्यायची?"

"थोडीशीच. साठ मिली," मी तज्ज्ञ असल्यासारखं सांगितलं.

त्यांनी कागद, कात्री आणि डिंक मागितला. पूर्वी डॉक्टरांकडचं मिक्श्चर ज्या बाटलीतून मिळे, तिला खाचा कापलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असायची. एक खाच म्हणजे एक डोस. तशी पट्टी त्यांनी मोजून कापली आणि माझ्या शिराझला चिकटवली. त्या सुबक पट्टीकडे बघून मला हसू आलं. आईने बाटली दह्याशेजारी परत ठेवली. प्रश्न मिटला, माझा जीव भांड्यात पडला.

रोज साडेसातला, जवळच्या कचरा डेपोचा धूर मागे हटून समुद्राचा वारा सुरू झाला की डोस व्हायचा. पहिले दोन दिवस त्यांनी नाक दाबून एका दमात घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तूही घे. एकट्याने औषध घेताना आजारी असल्यासारखं वाटतं."

मग मी त्यांना शिकवलं. स्टीलच्या टंबलरमध्ये का होईना, आधी हलवा, वास घ्या, घोट तोंडात फिरू द्या, घाई करू नका. बाबांनी डोळे मिटले. "जांभूळ," ते म्हणाले. "झाडावरचं नव्हे, खाली पडून फुटलेलं." थोडं थांबून पुन्हा, "आणि मागनं मिरं येतंय. कालच्या रसमसारखं." स्वयंपाकाला येणाऱ्या अक्का मिऱ्यांचं रसम करायच्या ते त्यांना फार आवडायचं. वाइनवर लिहिणाऱ्यांचे परिच्छेदच्या परिच्छेद मी वाचले होते, पण इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की आपण काय करतोय तेच विसरले.

आई शेंगदाण्यांची वाटी आणून ठेवायची. "औषधाबरोबर शेंगदाणे कशाला लागतात म्हणे?" म्हणायची, पण ठेवायची. बाबा बोलायचे. एका गावची मोजणी करताना ओढाच जागेवरून हललेला निघाला, तो किस्सा मी पहिल्यांदा त्या गॅलरीत ऐकला. लहानपणी त्यांनी माझ्याशी केलं असेल त्याहून जास्त बोलणं त्या दिवसांत झालं. मी सुखात होते, हे लिहायला आजही जड जातं.

तारखेच्या दोन दिवस आधी ते म्हणाले, "अगं, बरं वाटतंय मला. पुढची तारीख घे की."

मी हॉस्पिटलला फोन करून मोडक्या तमिळमध्ये पुढची तारीख घेतली. ऑफिसातला एकजण सुट्टीला बंगळूरला निघाला होता, त्याच्याकडून आणखी दोन बाटल्या मागवल्या. त्यांनाही पट्ट्या लागल्या. दुसरी तारीख आली, तीही पुढे ढकलली. साताऱ्याला फोनवर बाबा काकांना ऐटीत सांगायचे, "आमची वाइन चालू आहे."

माझं घर दुसऱ्या मजल्यावर. खालून वर येताना मधल्या वळणावर ते थांबायचे आणि जाळीतून बाहेर बघायचे. तिथून दिसण्यासारखं काहीही नव्हतं, समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या फक्त. ते का थांबतात हे मला कळत होतं. कळत होतं आणि संध्याकाळी मी ओतत होते.

एका रविवारी सकाळी ते कोथिंबीर आणायला गेले आणि परत वर येताना त्याच वळणावर खाली बसले. शेजाऱ्यांनी गाडी काढली. हॉस्पिटलात त्यांना आत नेलं आणि एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आमच्यासमोर आला. त्याचं इंग्रजी मी आईला मराठीत सांगायचं, आईचं मराठी त्याला इंग्रजीत. चेन्नईत आईबाबांची जीभ मीच होते.

दारू पितात का, त्याने विचारलं. मी आईला विचारलं.

"दारूला कधी शिवले नाहीत हो," आई थेट त्यालाच सांगू लागली. कोथिंबिरीची जुडी अजून तिच्या हातात होती. "औषध तेवढं घ्यायचे. ही देते ते."

मी पहिलं वाक्य सांगितलं आणि थांबले. डॉक्टर वाट बघत होता.

"रेड वाइन घेत होते," मी इंग्रजीत म्हटलं. "रोज. मी देत होते."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"आणि अँजिओग्राफी?"

"मी दोनदा पुढे ढकलली."

त्याने ते लिहून घेतलं. रागावला नाही, त्याला वेळच नव्हता. "काय म्हणाले गं?" आईने विचारलं. माझं स्वतःचं बोलणं मला मराठीत करून सांगायचं होतं. "त्यांनी विचारलं, वाइन कुणी सांगितली. मी म्हटलं, कुणीच नाही. तारखासुद्धा मीच पुढे ढकलल्या म्हणून सांगितलं." आई जुडीची पिवळी पानं खुडत बसली.

तिसऱ्या दिवशी आयसीयूत पाच मिनिटं भेटू दिलं. बाबांचा आवाज बसला होता. मला रडू आवरत नव्हतं. "बाबा, ती बाटली तुमची नव्हती. माझी होती. मी खोटं बोलले."

"पहिल्या दिवशीच चार बोटं कमी होती ती," ते म्हणाले. "मोजणी खात्यात होतो मी."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी डोळे मिटले. "बोललो असतो तर तारखेला जावं लागलं असतं."

ऑपरेशन झालं, पण हृदयाचा जो भाग गेला तो गेलाच. वेळेवर आणलं असतं तर एवढं झालं नसतं, असं मोठ्या डॉक्टरांनी मला सांगितलं, आणि हेही मी आईला शब्दन् शब्द सांगितलं. आईबाबा साताऱ्याला परत गेले. पुढे दीड वर्ष बाबा घरातल्या घरात, भिंतीला हात लावत चालले. मग गेले.

त्यानंतर आई माझ्याकडे राहायला आली. वर्षभर मी शिराझ घरात आणली नाही. पुढे एकदा आणली, कारण मला ती आवडते आणि आवडत नाही असं दाखवायचा मला कंटाळा आला होता. फ्रिजमध्ये ठेवली, लपवली नाही. दुपारी आईने दही काढायला दार उघडलं आणि क्षणभर तशीच उभी राहिली. 

"माझी आहे ती, आई," मी म्हटलं.

"तेव्हाही माहीत होतं मला," ती म्हणाली, आणि दही घेऊन दार लावलं.