तिच्या फोनवर सागरचं नाव

भावांनो, आज मतदानाच्या दिवशी मी काय माती खाल्ली ते ऐका.

सकाळी दिघीत टपरीवर मी आणि वैष्णवी चहा घेत होतो. तिच्या फोनवर ‘सागर’ असं नाव आलं. सागर चाकणच्या कंपनीत इंजिनिअर. गल्लीतल्या भाडेकरूंचे मतदार यादीचे फॉर्म त्यानेच भरले, लातूरच्या वैष्णवीचासुद्धा. आणि मी कॉलेज अर्धवट सोडलेला. माझं डोकं तिथंच फिरलं.

फोन ऐकून ती म्हणाली, "मी नाही जात मत द्यायला."

"सागर म्हणेल तसंच करणार का?"

तेवढ्यात पुन्हा त्याचंच नाव! मी फोन हिसकावला आणि शिव्या सुरू केल्या. पलीकडचा आवाज थंडपणे म्हणत राहिला, "बाहेरगावच्यांनी मतदान केल्यास गुन्हा दाखल होईल." तेच वाक्य तीन वेळा. राव, मी रेकॉर्डिंगशी भांडत होतो!

थोड्या वेळात सागर स्वतःच बाइकवर आला.

"फोनवर माझाच नंबर दिसेल अशी लबाडी करून कुणीतरी सगळ्यांना धमकावतंय. माझे फोन कुणी उचलेना, म्हणून दारोदार फिरतोय. वैष्णवी, तुझं नाव इथल्या यादीत आहे. घाबरू नको, चल."

ती त्याच्या मागे बसून गेली. ती घाबरलीय, हे मला दिसलंच नव्हतं.

आता तिच्या स्टेटसला दोघांची शाई लावलेली बोटं आहेत. जळतोय मी, खोटं कशाला बोलू?

आणि मी रागात टपरीवरच बसून राहिलो. मतदान संपलं. धमकी तिला होती, मत माझं राहिलं.

तुम्हाला आला का असा फोन? आणि खरं सांगा, मत दिलंत ना?