केल्टिक मंडळातला चहा आणि पुढचं नाव

ड्रायरच्या जाळीत कपड्यांची लव, म्हणजे लिंट, साचतं तसे किस्से साचतात. आपण आपले कपडे वाळवत असतो. एक दिवस जाळी ओढली की हातात हा एवढा गोळा! आमच्या केल्टिक मंडळाचं तसंच झालंय. तिथे मी गेले होते मुलीच्या डान्ससाठी. परत यायला लागले ते दर वेळी एक किस्सा घेऊन.

आता अमेरिकेत, श्रूजबरीत राहणारी, आडनावाने कुलकर्णी असलेली बाई आयरिश-स्कॉटिश लोकांच्या मंडळात काय करते, हा प्रश्न तुम्हाला पडणार. मलाही दर शनिवारी पार्किंगमध्ये पडतो.

*

तर झालं असं. आमची रेवा सहा वर्षांची. घरात अखंड बडबड, आणि घराबाहेर एक शब्द नाही. शाळेत नाही, शेजारी नाही, मराठी मंडळाच्या गणपतीत तर नाहीच. टीचरचे काळजीचे ईमेल यायचे. डॉक्टर म्हणाले, "थोडं थांबू या." थांबणं हा माझा प्रांत नाही. मी इंटरनेटवर जे जे वाचायला नको ते सगळं वाचून काढलं.

त्या उन्हाळ्यात गावच्या जत्रेत मुली आयरिश डान्स करत होत्या. हात अंगाला चिकटलेले, तोंड बंद, सगळं काम पायांचं. रेवा तासभर हलली नाही. मला वाटलं, चला, या डान्सला निदान बोलावं तरी लागत नाही!

क्लास मंडळाचाच, चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये. मी सेक्रेटरी पॅट्रिकला घाबरत घाबरत विचारलं, "आम्ही आयरिश नाही, चालेल ना?"

तो म्हणाला, "इथले निम्मे नाहीत. चहा करता येतो?"

"येतो."

"मग तू कमिटीत."

*

कमिटीची पहिली मीटिंग बघून मला माहेरी आल्यासारखं वाटलं. सूप आयरिश पद्धतीचं की स्कॉटिश, यावर पाऊण तास. एक जण रागावून निघून गेला आणि कोट विसरला म्हणून परत आला. गॅरेथ हा मंडळातला एकुलता एक वेल्श माणूस. मीटिंगच्या शेवटी तो दर वेळी हात वर करून विचारतो, "आणि वेल्श लोकांचं काय?" सगळे म्हणतात, "नेक्स्ट टाइम." तो समाधानाने हात खाली घेतो.

घरी येऊन निखिलला, म्हणजे नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "यार, हे तर आपलंच मंडळ! फक्त इथे बायकांऐवजी पुरुष नटून थटून येतात."

*

डग हा आमचा बॅगपाइपवाला. पेशाने डेंटिस्ट. बॅगपाइप हे डोंगरावर वाजवायचं वाद्य, आणि डग ते तळघरात वाजवतो.

पहिल्याच वेळी मी पर्समधून आवाज अडवणारे इअरमफ काढून रेवाच्या कानांवर चढवले. माझ्या पर्समध्ये काय नसतं! बँडेज, थर्मामीटर, जादा मोजे. सगळे हसले. "आईची काळजी," कोणीतरी म्हणालं. मी इतकी ओशाळले की पुढच्या शनिवारी इअरमफ घरीच ठेवणार होते.

पण पुढच्या शनिवारी डगने मला दारातच गाठलं. आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "एक्स्ट्रा आहे का? मला हवाय."

*

फेब्रुवारीच्या सुरुवातीला हे लोक लव्हाळ्याच्या काड्या विणून एक क्रॉस करतात आणि दारावर लावतात. त्याने घराला आग लागत नाही म्हणे. रेवाने केलेला मी आमच्या तोरणाशेजारी टांगला.

व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना तो दिसला. "हे काय गं?"

"आगीपासून घराचं रक्षण होतं, आई."

"बरं. मग स्मोक अलार्म काढलास की काय?"

काढते कुठली! उलट क्रॉस लावताना आठवण झाली म्हणून त्याची बॅटरी बदलली होती.

*

मॉरीन आजी म्हणजे मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ. नवऱ्याच्या माघारी एकट्या राहतात, काठी आपटत येतात. माझ्या आल्याच्या चहाचा पहिला घोट घेऊन म्हणाल्या, "हा चहा नाही. हे औषध आहे." तेव्हापासून त्यांच्यासाठी वेगळा, आधी काळाकुट्ट, मग वरून दूध घातलेला.

थंडीत एकदा त्यांचा फोन आला. आवाज पार बसलेला. "मला खोकला झालाय. ते औषध घेऊन ये."

थर्मास भरून गेले. रेवा सोबत होती. आजी तिच्याशी तासभर बोलल्या. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. नुसतं सांगत होत्या, त्यांच्या लहानपणच्या गावाबद्दल, एका चावऱ्या हंसाबद्दल. परतताना कारमध्ये रेवा म्हणाली, "आय लाइक हर. ती उत्तराची वाट बघत नाही."

उत्तराची वाट बघण्याशिवाय मी दुसरं करते काय?

*

मंडळाचा एक नियम आहे. नाच संपला की सगळे गोल बसतात आणि गाणी होतात. जो गातो, तो पुढच्याचं नाव घेतो. ज्याचं नाव आलं त्याने गायचं. आवाज नाही, पाठ नाही, घसा बसलाय, काही चालत नाही. डग एकदा आढेवेढे घेत होता, तर लोक दहा मिनिटं शांतपणे त्याच्याकडे बघत बसले. शेवटी गायला बिचारा.

म्हणूनच मी वर्षभर त्या वेळेला स्वयंपाकघरात असते. चहा कधी संपत नाही आमच्याकडे! आणि रेवाला कोणी कधी हाक मारत नाही. ते न ठरवता ठरलेलं आहे.

मार्चमधला मोठा कार्यक्रम. हॉल भरलेला. मी किटली भरत होते. मॉरीन आजींचं गाणं संपलं, टाळ्या झाल्या, आणि काठी आपटल्याचा आवाज आला.

"आता रेवा."

मी किटली घेऊनच दारापर्यंत धावले. 'ती बोलत नाही' हे वाक्य इंग्लिशमध्ये तयार होतं ओठांवर. आजींनी माझ्याकडे न बघता नुसता तळवा दाखवला. थांब.

रेवा उभी राहिली. हात अंगाला चिकटलेले, डान्समधल्यासारखे. आधी पायाने ठेका धरला. मग डान्सच्याच चालीवर, बारीक पण स्वच्छ आवाजात:

"मोजे कुठे, मोजे कुठे,
एक सापडला, दुसरा कुठे?
दूध संपव, बस येईल,
मोजे कुठे, मोजे कुठे?"

माझी रोजची सकाळ! माझ्याच सुरात, माझ्याच घाईत. दुसऱ्या कडव्यात डबा होता, तिसऱ्यात टोपी आणि "किती वेळा सांगू". तिसऱ्या "मोजे कुठे"ला पॅट्रिकने सूर मिळवला, मग गॅरेथने, आणि मग सत्तर माणसं पाय आपटत मराठीत माझ्या मुलीचे मोजे शोधू लागली. डगचे डोळे भरून आले होते.

गाणं संपलं. मॉरीन आजी नाक पुसत म्हणाल्या, "फार जुनं असणार. कशाबद्दल आहे, बाळ?"

रेवा त्यांच्याकडे बघून म्हणाली, "सॉक्स. वन इज लॉस्ट."

आजींनी मान डोलावली. "आमचीही सगळी गाणी हरवलेल्याचीच. आता तू सांग, पुढचं नाव कोणाचं?"

रेवाने हॉलभर नजर फिरवली, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं.

"आई."