दादाचा शेजारी

माझा मोठा भाऊ अमेरिकेत असतो. त्याच्या लेकीचं लग्न आम्ही इथं बोरी अरबला केलं, तेव्हा तिकडचा त्याचा शेजारी बायकोला घेऊन आला होता. उंचापुरा, लालबुंद, हयात सुतारकामात गेलेला माणूस. लग्न उरकल्यावरही ते नवराबायको थोडे दिवस राहिले. रोज सकाळी तो माझ्यासोबत वावरात यायचा. हौसेनं कापूस वेचायला लागला आणि बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडून घेतली.

वावराला लागून बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथले एक काका आमच्या वडिलांचे दोस्त. त्यांच्या बाजेचा पाय मोडला होता. पाहुण्यानं बाभळीचं लाकूड तासून नवा बसवून दिला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी दिवसभर गप्पा चालल्या होत्या. काकांनी त्याला तांड्यातला नमस्कार, ‘राम रामी’, शिकवला. निघताना काका त्याच्या गळ्यात पडून रडले.

गेल्या दिवाळीनंतर दादा एकटाच आला. काकांनी आल्या आल्या विचारलं, “तो सुतार कसा हाय?”

“बरा हाय,” म्हणून दादानं कापसाच्या भावाचं काढलं.

सांजच्याला वावराच्या धुऱ्यावर बसलो असताना मी विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं. तिकडे निवडणूक आली की लोक घरासमोरच्या गवतात आपल्या उमेदवाराची पाटी रोवतात. या दोघांच्या पाट्या पहिल्यापासून वेगळ्या. त्यावरून ते एकमेकांची टर उडवायचे आणि मग सोबत जेवायचे. या खेपेला जेवतानाच बोलणं वाढलं. तो म्हणाला, तुम्ही लोक देश विकायला निघालात. दादा म्हणाला, तुम्ही लोक तो जाळायला निघालात.

“इतकी वर्षं एकमेकाले नावानं हाका मारल्या,” दादा म्हणाला, “आन त्या दिवशी दोघंही ‘तुम्ही लोक’ होऊन गेलो.”

तेव्हापासून बोलणं बंद. दोन घरांमधलं कुंपण तेवढंच, कमरेएवढं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका येऊन बसले. “त्याले फोन लाव न. तोंड तरी दिसन.”

“तिकडं संध्याकाळ हाय काका, जेवत असन तो.”

“जेवू दे न. मी काय त्याचं ताट ओढून राह्यलो?”

दादाचा नाइलाज झाला. व्हिडिओ कॉल लावून त्यानं फोन काकांच्या हातात दिला. पलीकडे शेजाऱ्याची बायको होती. काकांना पाहून ती हसली आणि तिनं फोन नवऱ्याकडे फिरवला. तो खुर्चीत बसला होता. गालफडं बसलेली, नाकात नळी.

“काय झालं बे याले?” काकांनी दादाकडे पाहिलं.

दादाला ठाऊक नव्हतं. कुंपणाला लागून राहणारा माणूस इतका आजारी पडला आणि दादाला ते यवतमाळ जिल्ह्यात येऊन कळलं.

तिकडे त्या माणसानं हात जोडले. “राम रामी, काका.”

काकांच्या डोळ्यांना धारा लागल्या. ते आपल्या बंजारा भाषेत, गोरबोलीत, काय काय बोलत सुटले, तो मान हलवत ऐकत राहिला. मग काकांनी फोन दादाला दिला. “घे, आता तू बोल.”

दादानं इंग्रजीत विचारलं, “कसा आहेस?” त्या माणसानं त्याच्याकडे पाहिलं. ओठ हलल्यासारखे वाटले मला. मग त्यानं नळी सावरली, खुर्चीचा हात धरून उठला आणि हळूहळू आत निघून गेला. ‘थकतात आजकाल’ असं काहीतरी म्हणून बायकोनं फोन ठेवला.

दादानं मग काकांना सगळं सांगितलं. मला वाटलं, काका आता समजुतीचं काही बोलतील. पण सरपंचाच्या निवडणुकीपासून त्यांच्या सख्ख्या भावाच्या घरचं कोणी त्यांच्याकडे पाणी पीत नाही. पंच्यानं डोळे पुसून ते तांड्याकडे गेले.

दादा परत गेला तो थेट शेजाऱ्याच्या दारात. बायकोनं दार उघडलं, आत जाऊन आली आणि म्हणाली, ते झोपलेत. आतून टीव्हीचा आवाज येत होता. उन्हाळ्यात घर विकून ते दोघं मुलीच्या गावी राहायला गेले. कधी गेले, ते दादाला रिकामं घर पाहूनच कळलं.

परवा त्याचा फोन आला. त्या घरात नवं कुटुंब आलंय, लहान लेकरं आहेत.

“चांगले हायेत काय?” मी विचारलं.

तो म्हणाला, “ते सामान उतरवून राह्यले होते. मी पयले त्यांच्या गाडीच्या मागं कोन्त्या पक्षाचं स्टिकर चिकटवलंय ते पाह्यलं. आन मंग हात हालवला.”